कुकीज आपोआप पुसायच्या, पण कोणाच्या?

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्या विभागात उपकरणांच्या खोलीत एक सामाईक संगणक आहे. एक्सआरडीचा डेटा त्याच्यावर येतो. पूर्वी कधीतरी व्हायरस शिरला होता, तेव्हापासून तिथे पेन ड्राइव्ह लावायला बंदी. मग प्रत्येकजण काय करतो, तर ब्राउझर उघडतो, स्वतःच्या ई-मेलमध्ये शिरतो, डेटाची फाइल स्वतःलाच पाठवतो आणि निघतो. मीही तेच करायला बसले. ई-मेलची साइट उघडली आणि समोर आला तो माझा इनबॉक्स नव्हता, आमच्याच एका सीनियर ताईचा होता. सगळ्यात वर, अजून न वाचलेलं, एका जर्नलच्या संपादकांचं पत्र. तिच्या दोन वर्षांच्या कामाचा निकाल तिच्याआधी माझ्यासमोर आला होता.

मी ते उघडलं नाही. लॉग आउट केलं आणि तिला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पण मी टॅब बंद केला होता की!"

आजचा लेख या एका वाक्याबद्दल आहे. टॅब बंद केला म्हणजे आपण बाहेर पडलो, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. पेटची तयारी करणाऱ्या, नुकतंच रजिस्ट्रेशन झालेल्या तुम्हा सगळ्यांना पुढची काही वर्षं अशाच सामाईक संगणकांवर काढायची आहेत. म्हणून कुकी म्हणजे काय, ती आपोआप पुसणारं एक्स्टेन्शन काय करतं, आणि त्यानं काय होत नाही, हे एकदा नीट समजून घेऊ.

कुकी म्हणजे चप्पल स्टँडचा बिल्ला

वेबची भाषा, म्हणजे एचटीटीपी, विसरभोळी आहे. तुम्ही एक पान मागता, सर्व्हर ते देतो आणि तुम्हाला विसरतो. पुढच्या क्लिकला तुम्ही त्याच्यासाठी पुन्हा अनोळखी. अशानं ऑनलाइन खरेदीची टोपली कशी चालणार? 1994 मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर उपाय काढला. सर्व्हरनं ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची, आणि पुढच्या प्रत्येक वेळी ब्राउझरनं ती दाखवायची. ही चिठ्ठी म्हणजे कुकी.

देवळाबाहेर चप्पल ठेवली की नंबरचा बिल्ला मिळतो, तसंच हे. बिल्ल्यावर फक्त नंबर असतो, तुमची चप्पल आत असते. ई-मेलमध्ये लॉग इन केल्यावर जी कुकी मिळते तिच्यातही सहसा तुमचा पासवर्ड नसतो, एक लांबलचक नंबर असतो. तो नंबर कोणाचा, याची नोंद सर्व्हरकडे असते.

यातून तीन गोष्टी निघतात, त्या लक्षात ठेवा.

एक, बिल्ला ज्याच्या हातात, चप्पल त्याची. स्टँडवाला चेहरा बघत नाही. 2010 मध्ये एरिक बटलर यांनी फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेन्शन प्रसिद्ध केलं होतं. उघड्या वाय-फायवर शेजारी बसलेल्याची कुकी पकडून त्याच्या खात्यात शिरता येतं, हे त्यानं दोन क्लिकमध्ये दाखवलं. पासवर्डची गरजच नव्हती. त्यानंतर मोठ्या साइट्स सगळीकडे एचटीटीपीएस वापरायला लागल्या, त्यामागे असे धक्के होते.

दोन, देवळातून बाहेर पडलात तरी बिल्ला खिशातच राहतो. टॅब बंद केल्यानं कुकी जात नाही. काही कुकीज ब्राउझर पूर्ण बंद झाला की जातात, त्यांना सेशन कुकी म्हणतात. बाकीच्यांवर मुदत लिहिलेली असते. क्रोमनं 2022 पासून या मुदतीवर कमाल 400 दिवसांची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाहून जास्तच. आणि ब्राउझरमध्ये 'मागच्या वेळी होतो तिथूनच सुरू कर' हा पर्याय चालू असेल, तर सेशन कुकीजही परत येतात. आमच्या त्या संगणकावर नेमका तो चालू होता.

तीन, बिल्ला फेकून दिला म्हणून चप्पल परत मिळाली असं होत नाही. कुकी पुसणं आणि लॉग आउट करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लॉग आउट केलं की सर्व्हर आपल्याकडची नोंद रद्द करतो. नुसती कुकी पुसली तर फक्त तुमच्या संगणकावरचा बिल्ला जातो. कोणी आधीच त्याची नक्कल केली असेल तर ती चालतच राहते.

न मागता मिळालेले बिल्ले

आतापर्यंत बोललो त्या तुम्ही स्वतः उघडलेल्या साइटच्या कुकीज. पण एका बातमीच्या पानावर जाहिरात कंपन्यांचे तुकडेही बसवलेले असतात. ते तुकडेही आपापला बिल्ला तुमच्या खिशात टाकतात. तोच जाहिरातवाला दुसऱ्या साइटवर बसलेला असेल तर तिथे तुम्हाला ओळखतो. सकाळी तुम्ही पीएच.डी.च्या ताणाबद्दल वाचलं, दुपारी फेलोशिप शोधली, रात्री एखाद्या आजाराची माहिती बघितली, हे सगळं एकाच नंबरखाली जमा होतं. यांना थर्ड पार्टी कुकीज म्हणतात.

सफारीनं मार्च 2020 मध्ये या पूर्णपणे अडवल्या. फायरफॉक्सनं जून 2022 पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या बरणीत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे एका बरणीतलं दुसरीला दिसत नाही. क्रोमनं जानेवारी 2020 मध्ये 'दोन वर्षांत बंद करू' असं जाहीर केलं, मग मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलली, आणि जुलै 2024 मध्ये तो बेतच सोडून दिला. त्यामुळे तुम्ही कोणता ब्राउझर वापरता यावर तुमची सुरुवात अवलंबून आहे.

एक्स्टेन्शन नेमकं काय करतं

पूर्वी फायरफॉक्सवर 'सेल्फ-डिस्ट्रक्टिंग कुकीज' नावाचं एक्स्टेन्शन लोकप्रिय होतं. नोव्हेंबर 2017 मध्ये फायरफॉक्स 57 आलं, जुन्या पद्धतीची सगळी एक्स्टेन्शन्स बंद पडली, त्यात हेही गेलं. त्याच कल्पनेवर बेतलेलं 'कुकी ऑटोडिलीट' पुढे आलं. मी हेच वापरते, म्हणून याच उदाहरणानं सांगते.

नियम साधा आहे. एखाद्या साइटचा शेवटचा टॅब बंद झाला की थोडा वेळ थांबायचं (मूळ सेटिंगमध्ये 15 सेकंद), आणि त्या साइटच्या कुकीज पुसायच्या. उघड्या टॅबच्या साइटला हात लावायचा नाही. जाहिरात कंपनीची साइट तुम्ही टॅबमध्ये कधीच उघडत नाही, त्यामुळे तिच्या कुकीज पहिल्याच सफाईत जातात.

यात दोन याद्या असतात. पांढऱ्या यादीतल्या साइटच्या कुकीज कधीच पुसल्या जात नाहीत. करड्या यादीतल्या ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत टिकतात. जी साइट कुठल्याच यादीत नाही, ती टॅब बंद होताच तुम्हाला विसरते.

खरं काम इथेच आहे. एक्स्टेन्शन बसवायला मिनिटभरही लागत नाही, पण आपल्याला कोणी लक्षात ठेवावं, हे ठरवायला आठवडा लागतो. ब्राउझरचा मूळ नियम असतो, 'सगळ्यांनी लक्षात ठेवा, मी सांगेन तेव्हा विसरा'. आपण तो उलटा करतोय, 'सगळ्यांनी विसरा, मी सांगेन त्यांनीच लक्षात ठेवा'.

म्हणून घाई करू नका. बसवल्यावर आपोआप पुसणं सुरुवातीला बंदच असतं. आठवडाभर ते तसंच राहू द्या. रोज ज्या साइटवर लॉग इन करता, तिथे असताना एक्स्टेन्शनच्या चिन्हावर क्लिक करून ती यादीत टाका. आठवड्यानंतर पुसणं चालू करा.

माझ्या पांढऱ्या यादीत आज फक्त चार नावं आहेत: ई-मेल, संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची साइट, ऑर्किड आणि विद्यापीठाचं लॉग इन पान. करड्या यादीत प्रकाशकांच्या साइट्स आहेत, कारण एका बैठकीत दहा पेपर उतरवायचे असतात. बँक कुठल्याच यादीत नाही. बँकेनं मला प्रत्येक वेळी नव्यानं ओळखावं हेच बरं.

विद्यापीठाच्या लॉग इनबद्दल एक सूचना. इनफेडसारख्या सेवेतून पेपर उघडता तेव्हा दोन साइट्स कामाला लागतात, ओळख पटवणारी तुमची संस्था आणि पेपर देणारा प्रकाशक. यादीत फक्त प्रकाशक टाकलात आणि संस्थेचं पान विसरलात, तर पुढच्या प्रकाशकाकडे गेल्यावर पुन्हा पासवर्ड विचारला जाईल. 'एक्स्टेन्शन बिघडलं' असं वाटतं, पण आपली यादी अपुरी असते. शिवाय संस्थेच्या मुख्य पत्त्याला जोडून आणखी पत्ते असतात. तेही हवे असतील तर नावाआधी तारा आणि टिंब असलेला पर्याय निवडायचा.

जास्त पुसलं की काय होतं

आता माझी स्वतःची फजिती. कुकीजखेरीज ब्राउझरमध्ये आणखी एक कोपरा असतो, लोकल स्टोरेज. साइट्स तिथेही माहिती ठेवतात, ओळख पटवण्याचे नंबरही ठेवतात. एक्स्टेन्शनमध्ये तोही पुसायचा पर्याय आहे. मूळ सेटिंगमध्ये तो बंद असतो. मी उत्साहानं चालू केला.

महिन्याभरानं एका परदेशी समर स्कूलचा अर्ज भरत होते. शेवटचा दिवस. संशोधनाचा सारांश, उद्देश, सगळं त्या फॉर्ममध्येच टाइप केलं. 'ड्राफ्ट सेव्ह झाला' असं हिरव्या अक्षरात आलं. मी टॅब बंद केला आणि मेसमध्ये जेवायला गेले. परत येऊन बघते तर फॉर्म कोरा. तो ड्राफ्ट त्यांच्या सर्व्हरवर नव्हता, माझ्याच ब्राउझरच्या त्या कोपऱ्यात होता. माझ्याच एक्स्टेन्शननं तो 15 सेकंदांत साफ केला होता.

पुन्हा लिहून रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी अर्ज पाठवला. निवड झाली नाही. त्याचं खापर मी एक्स्टेन्शनवर फोडणार नाही, पण दुसऱ्यांदा लिहिलेला सारांश पहिल्यासारखा नव्हता हे मला माहीत आहे. तेव्हापासून दोन नियम पाळते. कोणताही मोठा मजकूर आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहायचा. आणि अर्जाची साइट, काम संपेपर्यंत करड्या यादीत.

राखणदारावर कोण लक्ष ठेवणार?

कुकीज पुसण्यासाठी एक्स्टेन्शनला सगळ्या साइट्सच्या कुकीज बघायची परवानगी द्यावी लागते. पानावरच्या स्क्रिप्टलाही न दिसणाऱ्या, लॉग इनच्या संरक्षित कुकीजही त्याला दिसतात. थोडक्यात, सगळे बिल्ले तुम्ही एकाच माणसाच्या हातात देता.

हा माणूस बदलू शकतो. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोमचं नावाजलेलं एक्स्टेन्शन 2020 मध्ये नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलनं ते घातक म्हणून काढून टाकलं. डिसेंबर 2024 मध्ये सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याला फसवून चोरांनी तिच्या एक्स्टेन्शनची खोटी आवृत्ती चढवली. ती वापरणाऱ्यांच्या कुकीज चोरत होती. लोकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं, एक्स्टेन्शन नेहमीसारखं आपोआप अपडेट झालं होतं.

म्हणून बसवण्याआधी बघा: त्याचा कोड खुला आहे का, शेवटचं अपडेट कधीचं आहे, नाव आणि निर्माता खरे आहेत का, की सारख्या दिसणाऱ्या नावाची नक्कल आहे. कुकीजसाठी एकच एक्स्टेन्शन पुरे. तीन बसवली तर तिघांवर विश्वास ठेवावा लागतो.

क्रोमवाल्यांसाठी आणखी एक. मॅनिफेस्ट व्ही 2 या जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स क्रोमनं 2024–25 मध्ये टप्प्याटप्प्यानं बंद केली. त्यामुळे जुन्या लेखांत सुचवलेलं नाव आज तिथे चालेलच असं नाही. तसं असेल तर ब्राउझरची स्वतःची सोय वापरा. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत 'सगळ्या विंडो बंद झाल्या की साइट्सचा डेटा पुसा' असा पर्याय प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये आहे, आणि अपवादांची यादीही आहे. टॅबगणिक पुसलं जात नाही, पण बाहेरच्या कोणावर विश्वासही ठेवावा लागत नाही. सामाईक संगणकावर तर मी हेच सुचवेन.

कशाशी गल्लत करू नका

'कुकीज स्वीकारा' ही पाटी घालवणारी एक्स्टेन्शन्स वेगळी. त्यातली काही पाटी नुसती लपवतात, काही गरज पडली तर तुमच्या वतीनं 'हो' म्हणून टाकतात. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी बनवलेलं 'कन्सेंट-ओ-मॅटिक' तुम्ही ठरवलेल्या पसंतीनुसार उत्तर देतं. पण पाटी घालवणं म्हणजे कुकीज पुसणं नव्हे.

आणि सगळ्या कुकीज पुसल्या तरी तुम्ही अदृश्य होत नाही. लॉग इन केलेलं असेल तर साइट तुम्हाला ओळखतेच. आयपी पत्ता दिसतोच. शिवाय स्क्रीनचा आकार, फॉन्ट, ब्राउझरची आवृत्ती अशा गोष्टी जुळवून तुमच्या ब्राउझरचा ठसा काढता येतो. इथे आपल्या कामाचा एक धडा आहे. 2010 मध्ये पीटर एकर्सली यांनी सुमारे 4 लाख 70 हजार ब्राउझर तपासले, तेव्हा 83.6 टक्के ठसे एकमेव निघाले. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी 20 लाखांहून जास्त ठसे तपासले, तेव्हा 33.6 टक्केच एकमेव निघाले. फरक एवढा का? काळ बदलला हे एक कारण. पण पहिल्या अभ्यासात मुद्दाम चाचणी करायला आलेले, खासगीपणाबद्दल जागरूक लोक होते. दुसऱ्यात फ्रान्समधल्या एका मोठ्या साइटवर सहज आलेले सामान्य वाचक होते. आकडा वाचण्याआधी नमुना कुठून आला ते वाचायचं, ते यासाठी.

तुमच्या संशोधनात हे कुठे येतं

तुमच्यातल्या कित्येकांना ऑनलाइन प्रश्नावली काढावी लागेल. एकानं दोनदा भरू नये म्हणून सर्वेक्षणाची बरीच साधनं कुकी ठेवतात. भरणाऱ्याकडे कुकीज पुसणारं एक्स्टेन्शन असेल तर तो दुसऱ्यांदा नवा माणूस ठरतो. प्रयोगशाळेतल्या एकाच संगणकावरून पाच जणांनी भरायचं ठरवलं, तर उलट होतं, पहिला सोडून बाकीचे अडतात. म्हणजे 'एन बरोबर 312' लिहिता तेव्हा त्या 312 व्यक्ती आहेत की 312 कुकीज, हे स्वतःला विचारा. व्हायव्हामध्ये बाहेरच्या परीक्षकांनी विचारण्याआधी.

वेबवरून डेटा गोळा करणार असाल तर प्रत्येक पान कोऱ्या ब्राउझरनं उघडलं की जुन्या कुकीजसकट, हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा. 2016 मध्ये प्रिन्स्टनच्या स्टीव्हन एंगलहार्ट आणि अरविंद नारायणन यांनी ओपनडब्ल्यूपीएम या साधनानं 10 लाख साइट्स तपासल्या, त्या साधनात या दोन्ही पद्धती वेगळ्या ठेवल्या आहेत. कुकी हाही प्रयोगातला एक चल आहे. बीकर धुतलं होतं की नाही हे आपण लिहितो, तसंच.

एवढं करा

सामाईक संगणकावर आधी लॉग आउट करा, मग खिडकी बंद करा. इन्कॉग्निटो वापरलंत तर त्याच्या सगळ्या खिडक्या बंद करा, एक जरी उघडी राहिली तरी कुकीज जिवंत असतात. विसरून निघून आलात तर ई-मेलच्या सुरक्षा विभागात जाऊन, आपल्या मोबाइलवरूनच, बाकीच्या सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट करता येतं. स्वतःच्या लॅपटॉपवर आठवडाभर यादी बनवा, मग पुसणं चालू करा. लोकल स्टोरेज पुसायचा पर्याय शेवटी, विचार करून.

आमच्या त्या खोलीतल्या संगणकावर आता ब्राउझर बंद होताच सगळं पुसलं जातं. सरांची परवानगी घेऊन मीच ते सेटिंग बदललं. पहिल्या आठवड्यात तिघांनी येऊन तक्रार केली, "ताई, रोज पासवर्ड टाकावा लागतोय." मी म्हटलं, "टाका."

त्या सीनियर ताईचा पेपर किरकोळ दुरुस्त्यांसह स्वीकारला गेला होता. ते पत्र तिनं स्वतःच्या हातानं उघडलं आणि मग आम्हाला सगळ्यांना दाखवलं.